चाळीस मिनिटांचा ‘एझा’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी आलेल्या माणसाला चहाबरोबर स्टीली डॅन या अमेरिकन बँडचा ‘एझा’ हा अल्बम ऐकावा लागतो, हे ओळखीपाळखीत सगळ्यांना ठाऊक झालंय. काही जण कपाळाला आठ्या घालून ऐकतात आणि चहा संपला की सुटतात. काही जणांचा रात्री निरोप येतो, ‘ते सॅक्सोफोनवालं गाणं कितवं होतं गं?’ तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

नाव नक्की कसं म्हणायचं?

इंग्रजी बोलणारे आशिया खंडाचं नाव घेतात तसंच. स्पेलिंगमध्ये ए, जे, ए अशी तीनच अक्षरं आहेत, त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक जण पहिल्यांदा ‘आजा’ वाचतो. मीही तेच केलं. दादाने कोणाकडून तरी कॅसेट भरून आणली होती आणि वर पेनने ती तीन अक्षरं लिहिली होती. मी महिनोन्महिने ‘दादा, आजा लाव ना’ म्हणायचे. शेवटी आजीने विचारलं, ‘कोणाचा आजा गातोय एवढा?’

नावामागची हकिगत साधी आहे. बँडचा गायक डोनाल्ड फेगन याच्या शाळेतल्या मित्राच्या भावाने एका कोरियन मुलीशी लग्न केलं होतं आणि तिचं नाव एझा होतं, असं फेगननेच सांगितलंय. बँडच्या नावाचं मूळ मात्र विचारू नका. विल्यम बरोजच्या एका कादंबरीतून ते घेतलंय आणि चारचौघांत सांगण्याजोगं नाही.

मुळात हे आहे काय?

स्टीली डॅन म्हणजे डोनाल्ड फेगन आणि वॉल्टर बेकर. दोघे १९६७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजात भेटले. पुढे बँड काढला, दौरे केले, वैतागले आणि १९७४ नंतर दौरे चक्क बंद केले. मग उरला फक्त स्टुडिओ. ‘एझा’ हा त्यांचा सहावा अल्बम, सप्टेंबर १९७७ मध्ये आला. निर्माता गॅरी कॅट्झ. अमेरिकेच्या यादीत तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला, ध्वनिमुद्रणासाठी त्याला ग्रॅमी मिळालं आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांत त्याचा समावेश केला.

मुखपृष्ठ बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. जवळजवळ सगळा काळोख, त्यात एका बाईच्या चेहऱ्याचा थोडासा भाग आणि खाली उतरत जाणारी लाल-पांढरी पट्टी. ती जपानी मॉडेल सायोको यामागुची, आणि फोटो हिदेकी फुजिई यांचा.

सातच गाणी? एवढ्यावर अल्बम म्हणायचा?

हा प्रश्न हमखास विचारतात ते फोनवर गाण्यांची न संपणारी रांग लावून ठेवणारे. उत्तर निम्मं तांत्रिक आहे. मिनिटाला ३३ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला साधारण २० ते २२ मिनिटं नीट मावतात. त्याहून जास्त कोंबली तर खाचा एकमेकींना खेटतात, मग आवाजाची पातळी खाली आणावी लागते आणि पहिला बळी खर्जाचा जातो. बेस गिटारच्या जिवावर उभ्या असलेल्या संगीताला ते परवडणारं नव्हतं. ‘एझा’ची पहिली बाजू तीन गाण्यांची, वीस मिनिटांच्या किंचित वर. दुसरी चार गाण्यांची, एकोणीसच्या आसपास. उठून बाजू पालटायची, एवढीच मध्यंतर.

उरलेलं निम्मं उत्तर त्यांच्या स्वभावात आहे. या दोघांनी जेवढं वाजवून घेतलं, त्यातलं किती तरी फेकून दिलं. अल्बम लहान आहे तो काम कमी केलं म्हणून नव्हे.

आणि लांबीवर वजन ठरवायची सवय आपल्याला तरी नसावी. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटांची. व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीबाहेर पाठवायच्या संगीतात भारतातून तीच निवडली गेली. व्हॉयेजर-१ यान सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला, केसरबाई गेल्या १६ तारखेला आणि ‘एझा’ दुकानात आला २३ ला. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण तो महिना मला विसरता येत नाही.

‘थर आहेत, थर आहेत’ असं सारखं म्हणतेस. म्हणजे नेमकं काय?

‘पेग’ हे गाणं लावा. चार मिनिटांच्या आत संपतं. ऐकायला इतकं हलकं की कपडे वाळत घालताना गुणगुणावं. आता ते चार वेळा ऐका आणि दर खेपेला एकाच वाद्याच्या मागे लागा.

पहिल्यांदा फक्त ड्रम्स. रिक मरोटा वाजवतोय. त्याच्या हाय-हॅटकडे कान द्या, म्हणजे एकमेकींवर मिटणाऱ्या त्या दोन झांजांकडे. त्या अर्धवट उघडतात, ‘च्स’ करतात आणि लगेच मिटतात. गाण्याचा सगळा तोरा त्या ‘च्स’मध्ये आहे.

दुसऱ्यांदा बेस. चक रेनी. त्याला सांगून ठेवलं होतं की अंगठ्याने तार आपटून वाजवायची ती ‘स्लॅप’ पद्धत इथे नको. त्या दिवसांत जो तो तेच करत होता आणि फेगन-बेकर दोघांना त्याचा कंटाळा आला होता. रेनीला खात्री होती की या गाण्याच्या ध्रुवपदाला तेच हवं. म्हणून कोणाला बोटं दिसणार नाहीत अशा बेताने तो पाठ वळवून बसला आणि हवं तेच वाजवलं. ते त्यांना आवडलं. हा किस्सा माहीत झाल्यापासून ध्रुवपद आलं की मला ती वळलेली पाठच दिसते.

तिसऱ्यांदा मागचे आवाज. फेगनच्या मागून येणारा तो आवाजांचा पुंजका जवळजवळ सगळा मायकल मॅकडोनाल्डचा आहे, डूबी ब्रदर्समधला तो जाड, मखमली आवाजाचा गायक. एक ओळ गायची, मग तिला अगदी चिकटून असलेल्या सुरावर दुसरी, मग तिसरी. एकच माणूस स्वतःच्याच आवाजाशी भांडत बसलाय. शेजारशेजारचे सूर एकत्र गाताना आपला सूर सोडून दुसऱ्याच्या सुरावर घसरायची किती भीती असते, हे शाळेच्या समूहगानात उभं राहिलेल्या कोणालाही कळेल.

चौथ्यांदा गिटारचा एकल तुकडा. त्यासाठी सहा-सात गिटारवादक आले, वाजवून गेले आणि नापास झाले. त्यातले काही त्या काळातले मोठे वादक होते. शेवटी जे ग्रेडन नावाचा वादक आला आणि त्याचं वाजवणं ठेवलं. पुढे १९९९ मध्ये या अल्बमवर निघालेल्या माहितीपटात फेगन आणि बेकर मिक्सिंग टेबलाशी बसून नाकारलेले तुकडे ऐकवतात आणि तोंडं वाकडी करतात. मला विचाराल तर नाकारलेल्यांतही वाईट काही नाही. पण ग्रेडनचा तुकडा किंचित तिरका आहे, सूर खेचून आणल्यासारखे लागतात, आणि एवढ्या गुळगुळीत गाण्याला तो ओरखडा हवाच होता.

मी म्हणते ते थर हेच. वाद्यांची गर्दी तर त्या काळच्या कुठल्याही डिस्को गाण्यात याहून जास्त होती. इथे प्रत्येक वाद्य दुसऱ्याला जागा करून देतं. गच्च भरलेल्या लोकलमध्येही सगळ्यांना नीट उभं राहता यावं, तसं काहीसं.

सात गाण्यांना इतके वादक कशाला?

सात गाणी, सहा ड्रमर. ‘डीकन ब्लूज’ आणि ‘होम ॲट लास्ट’ एवढी दोन बर्नार्ड पर्डीकडे, बाकी प्रत्येकाला वेगळा माणूस. गाणं लिहून झालं की त्याला कोणाचा हात शोभेल याचा विचार व्हायचा आणि त्याला बोलावणं जायचं. स्वतः बेकर चांगला बेस वाजवायचा. तरी सहा गाण्यांत त्याने बेस चक रेनीकडे सोपवला आणि एकट्या ‘डीकन ब्लूज’मध्ये स्वतः वाजवला.

आपल्याकडे त्याच सुमारास काय चाललं होतं ते आठवा. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये नाहीतर महालक्ष्मीच्या फेमसमध्ये गायक, व्हायोलिनवाल्यांची फौज, तबला, ढोलक, गोव्याहून आलेले ट्रंपेट आणि सॅक्सवाले, सगळे बहुतेक वेळा एकाच वेळी हजर. कोणी एक चुकला की टेक पुन्हा पहिल्यापासून. त्यातून एक वेगळी ऊब येते आणि ती ‘एझा’त नाही, हे मी आधीच कबूल करते. लॉस एंजेलिसच्या या मंडळींकडे २४ ट्रॅकची टेप होती, म्हणजे एकेक वाद्य वेगळं भरून नंतर एकत्र करता यायचं. आज ड्रम्स, पुढच्या आठवड्यात गिटार, महिन्याने सॅक्स. पैसा आणि वेळ, दोन्ही पाण्यासारखं गेलं.

इतकं घासूनपुसून केलं तर गाण्यातला जीव जात नाही का?

जातो. बऱ्याचदा जातो, आणि या दोघांच्याही काही गाण्यांतून गेलाय. पण ‘एझा’त सगळ्यात जिवंत जागा नेमक्या अशा आहेत, जिथे त्यांनी कोणाला फारसं अडवलं नाही.

शीर्षकगीत आठ मिनिटांना थोडंसं कमी. निम्म्याहून जास्त गाणं शांत, जरासं गूढ चालतं. साडेचार मिनिटं उलटली की वेन शॉर्टरचा टेनर सॅक्सोफोन येतो. जॅझमधल्या माइल्स डेव्हिसच्या पाच जणांच्या चमूत वाजवलेला हा माणूस, एरवी पॉप गाण्यांच्या वाटेला न जाणारा. आणि त्याच्या खाली स्टीव्ह गॅड ड्रम्सवर सुटतो. इथे साथ आणि सवाल-जवाब यांतला फरक पुसला जातो. आपल्या बैठकीत गवई तान घेत असताना तबलजीने मान वर करून बघावं, हसावं आणि ठेका सोडून लग्गीवर यावं, तसा क्षण आहे तो. गॅडसमोर लिहिलेला कागद होता, गाणं आधी वाजवलेलं नव्हतं आणि अगदी थोड्या टेकमध्ये काम झालं. शेवटी गाणं विरत जातं तेव्हाही तो थांबलेला नसतो. आवाज कमी होत जातो आणि आपण कान पुढे करत राहतो. तिथे मी एकदा आवाज इतका वाढवला होता की पुढच्या गाण्याच्या पहिल्याच सुराला खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या.

‘डीकन ब्लूज’चा सॅक्स वेगळ्या माणसाचा, पीट क्रिस्टलीबचा. तो रोज टीव्हीवर ‘द टुनाइट शो’च्या वाद्यवृंदात वाजवायचा. आला, वाजवलं, गेला, अर्ध्या तासात मोकळा. गिटारवाल्यांना रडवणाऱ्यांनी याला दुसऱ्या टेकनंतर सोडून दिलं.

कॉर्ड काहीतरी वेगळ्याच वाटतात. माझा भास?

भास नाही. घरात पेटी असेल तर काढा. पांढरी एक, तीन आणि पाच एकदम दाबा. हा साधा मेजर कॉर्ड, सा-ग-प, प्रार्थनेसारखा स्वच्छ. आता त्यांच्या जोडीला पांढरी दोनसुद्धा दाबा. रे आला, ग ला खेटून. सूर बिघडला नाही, पण आनंदात काहीतरी खुपायला लागलं ना? स्टीली डॅनने या रचनेला ‘म्यू मेजर’ असं गमतीचं नाव दिलं होतं. त्यांच्या गाण्यांत ती जागोजागी येते. पेटीवर ती जरा दाट लागते. पियानोवर किंवा गिटारवर सूर पसरून वाजवले की तीच रचना हवेशीर होते.

शब्द कळत नाहीत. कशाबद्दल आहेत ही गाणी?

हरलेल्या माणसांबद्दल. एवढं मधाळ संगीत आणि आत एकजात हरलेली माणसं, हाच तर या अल्बमचा खट्याळपणा.

पहिलं गाणं ‘ब्लॅक काऊ’. हे एका पेयाचं नाव आहे, रूट बिअर या बिनदारूच्या फसफसत्या पेयात आइस्क्रीम सोडून करतात. आपली पुण्याची मस्तानी डोळ्यांसमोर आणा, दूध वगळून. रात्रभर भटकून, नशेत, विस्कटून आलेल्या बाईला तो माणूस सांगतोय की तुझा ग्लास संपव आणि जा, आता बास. एवढं कडू बोलणं आणि खाली इतका सुखावणारा, आळसावलेला ठेका. पहिल्यांदा अर्थ लागला तेव्हा मला ते गाणं परत पहिल्यापासून ऐकावं लागलं.

‘डीकन ब्लूज’मधला माणूस उपनगरात राहणारा, कोणाच्या खिजगणतीत नसलेला. सॅक्सोफोन शिकायचा, रात्रभर वाजवायचा, व्हिस्की ढोसायची आणि मनासारखं मरायचं, अशी स्वप्नं तो बघतो. जिंकणाऱ्यांना मोठाली नावं असतात, मग मला हरणाऱ्यालाही एक नाव हवं, अशी त्याची मागणी. साडेसात मिनिटं चालणाऱ्या या गाण्यावर मी हसावं की रडावं ते वयानुसार बदलत गेलंय. विशीत तो मला शूर वाटायचा. आता डोंबिवलीच्या शेवटच्या गाडीत दाराशी उभं राहून कानात गाणी ऐकणारे दिसतात आणि त्यांतल्या प्रत्येकात तो दिसतो.

‘होम ॲट लास्ट’च्या मागे ग्रीकांचा ओडिसियस आहे, सागरकन्यांच्या गाण्याने वेड लागू नये म्हणून डोलकाठीला बांधून घेतलेला. ठेका पर्डीचा खास झुलता. मोठ्या आघातांच्या मधे तो स्नेअर या ड्रमवर इतके हलके, दबकत ठोके देतो की ऐकू येण्याआधी ते अंगाला जाणवतात.

शीर्षकगीतातली पूर्व मात्र मला पटत नाही. त्यात वडाची झाडंही येतात, पण ती दुरून पाहिलेली, स्वप्नातली. ते वड आपल्या वटपौर्णिमेचे नव्हेत. १९७७ सालच्या दोन अमेरिकनांनी काळोखात रंगवलेली पूर्व, एवढंच.

हा सॉफ्ट रॉक की जॅझ?

जॅझवाले म्हणतात रॉक, रॉकवाले म्हणतात जॅझ, आणि दुकानात तो सॉफ्ट रॉकच्या कप्प्यात असतो. २००५ नंतर एका इंटरनेट मालिकेमुळे ‘यॉट रॉक’ हे थट्टेचं नावही चिकटलं. म्हणजे शिडाच्या बोटीवर गारेगार पेय हातात घेऊन ऐकायचं संगीत. बोटीवरच्या माणसाने शब्द ऐकले तर तो उडी मारेल.

फसलेलं गाणं आहे का एखादं?

‘आय गॉट द न्यूज’. वादन चोख, पण गाणं कुठे जात नाही. मी ते टाळत नाही, कारण त्याच्यानंतर ‘जोसी’ येतं आणि त्याची सुरुवातीची गिटार ऐकायला मागे एवढी सपाट जागा असलेली बरी.

कशावर ऐकू? एल्पी घ्यावी का?

फोनच्या स्पीकरवर नको, एवढं ऐका. बेस जातो आणि बेस गेला की निम्मा अल्बम गेला. साधे वायरवाले हेडफोन पुरतात. ध्वनीचं काम करणारे लोक नवे स्पीकर तपासायला अजून हाच अल्बम लावतात, त्यामुळे चांगला संच असलेल्या कोणाच्या तरी घरी एकदा ऐकायला मिळाला तर सोडू नका.

एल्पीचं म्हणाल, तर मी एका दुकानातून जुनी आणली होती. भरपूर पैसे मोजले, घरी येऊन बघते तर तबकडी पापडासारखी वाकलेली. सुई वरखाली डोलत होती आणि फेगन पाण्याखालून गात होता. तेव्हापासून कोणतीही जुनी तबकडी घेताना ती डोळ्यांच्या पातळीला आडवी धरून कड बघितल्याशिवाय मी पाकिटाला हात लावत नाही.

हे कुठेतरी आधी ऐकल्यासारखं का वाटतं?

कारण ऐकलेलं असण्याची शक्यता आहे. डे ला सोल या रॅप गटाने १९८९ मध्ये ‘पेग’चा तुकडा उचलून आपलं गाणं बांधलं. १९९७ मध्ये लॉर्ड तारिक आणि पीटर गन्झ यांनी ‘ब्लॅक काऊ’च्या ठेक्यावर रॅप केलं. स्टुडिओत नखरे करणाऱ्या गोऱ्या पोरांचं संगीत न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या गल्लीत कसं फिट बसलं याचं नवल करू नका. चांगला ठेका कुठेही भाडेकरू म्हणून राहतो.

आवडला. पुढे काय ऐकू?

१९८० चा ‘गाउचो’. तोही सात गाण्यांचा, तोही चाळीस मिनिटांच्या आतला, आणि याहून थंड. त्याच्या वेळी एक जवळजवळ पूर्ण झालेलं गाणं स्टुडिओतल्या सहायकाच्या हातून पुसलं गेलं. पुन्हा करायचा प्रयत्न फसला आणि त्यांनी ते सोडूनच दिलं. एवढे थर परत जसेच्या तसे कोण रचणार?

त्यानंतर फेगनचा एकट्याचा ‘द नाइटफ्लाय’, १९८२ चा. संपूर्ण डिजिटल ध्वनिमुद्रण झालेल्या सुरुवातीच्या पॉप अल्बमांपैकी एक. स्वभावाने गोड आहे. स्टीली डॅनच्या कडवटपणाने दमलेल्यांनी खुशाल त्यापासून सुरुवात करावी. बेकर २०१७ मध्ये गेला. त्या रात्री मी ‘डीकन ब्लूज’ लावलं आणि सॅक्सच्या मागे जाणारा त्याचा बेस तेवढा ऐकला.

आणि नाहीच आवडला तर?

तर नाही आवडला. तीनदा ऐकून बघा, दोन तासांत उरकतं. तिसऱ्यांदाही कंटाळा आला तर सांगा, मी दुसरं काहीतरी लावते. चहा तसाही मिळणारच आहे.